हार्लो रोडची अलीकडची बाजू

टोलेडो, ८ जून १९८६

प्रिय एमेट,

डेट्रॉइटला टपालाची होडी तुमच्या बोटीला लागेल तेव्हा हे तुझ्या हातात पडेल. बोटीवरच्या रेडिओ-फोनवर मी आता बोलणार नाही. मागच्या वेळी आपलं बोलणं निम्म्या सरोवरानं ऐकलं. तुमचा स्वैपाकी धक्क्यावर भेटला तेव्हा त्यानं 'विनी कशी आहे' असं विचारलं, पण कुणाच्या मयताला आल्यासारखं. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही.

घराचं सांगते. घरांची दलाल मिसेस प्रुइट, तिनं आज दोन दाखवली. दोन्ही हार्लो रोडवर, जवळजवळ समोरासमोर. बांधणारा एकच, त्यामुळे स्वैपाकघरातली कपाटंसुद्धा सारखी. पण रस्त्याच्या मधून शाळांची हद्द जाते. अलीकडच्या घरातली मुलं अ‍ॅशब्रुकच्या शाळेत जाणार, पलीकडच्या घरातली पोर्टरव्हिलच्या. अलीकडचं घर म्हणून बरंच महाग आहे. 'अ‍ॅशब्रुक' म्हणताना मिसेस प्रुइट आवाज खाली आणते, चर्चमध्ये शिरल्यासारखी.

मी दोन्ही शाळांना फोन केले, नाव न सांगता. म्हटलं, माझ्या मुलीला आकडी येते, तुम्ही काय करता? अ‍ॅशब्रुकचे मुख्याध्यापक, मिस्टर व्हिटकम, फार सभ्यपणे बोलले. म्हणाले, अशी मुलं आमच्याकडे इमारतीत नसतात, त्यांना छोट्या बसनं ब्राइस रोडवरच्या वेगळ्या शाळेत नेतात, त्यांनाही तिथेच बरं वाटतं. नर्स आठवड्यातून दोनदा येते. पोर्टरव्हिलला एक बाई मागच्या गोंगाटावर ओरडून म्हणाली, आणा की, आमच्याकडे आधीच दोघं आहेत, नर्स रोज असते. म्हणून मी ती शाळा बघायला गेले. पटांगणात दोन मुलं एकमेकांना जमिनीवर पाडून बडवत होती आणि देखरेखीची बाई कॉफी पीत बघत होती.

मार्चमध्ये विनी इथल्या शाळेत जेवणाच्या खोलीत पडली, तेव्हा बाईंनी बाकीच्या मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, ते आठवतं ना? तेव्हापासून तिच्या टेबलावर कुणी बसत नाही. ती थरथरते म्हणून तिला 'मिल्कशेक' म्हणतात. हे तिनं मला सांगितलं नाही, खालच्या मिसेस ऑक्सच्या नातीकडून कळलं.

हल्ली घरात काहीही पडलं की मी हातातलं टाकून उठते. आज चमचा पडला. विनी नुसती सरबत ढवळत होती. मी धावत गेले तर माझ्याकडे बघून म्हणाली, 'आई, चमचाच होता.'

घरमालकाला ऑगस्टअखेर जागा रिकामी हवी आहे. सांग, काय करू?

तुझी लॉर्ना

—

मार्केट बंदर, सुपीरियर सरोवर, १७ जून

प्रिय लॉर्ना,

लोखंडाचं खनिज भरणं चालू आहे. सगळ्या बोटीवर तांबडी धूळ बसली आहे, कागदावर बोट उमटलं तर माफ कर.

तू नाव सांगितलं नाहीस ते फार बरं केलंस. अलीकडचंच घर घे. मी पोर्टरव्हिलच्या शाळेत शिकलो. आमच्या वर्गात एक तोतरा मुलगा होता. त्याचं खरं नाव आज कुणाला आठवणार नाही, टोपणनाव सगळ्यांना आठवेल. तो पंधराव्या वर्षी शाळा सोडून गेला आणि कुणी विचारलंही नाही की कुठे गेला. मी वर्षातले नऊ महिने या लोखंडी डब्यात राहतो ते विनीला त्या पटांगणात सोडायला नाही.

अ‍ॅशब्रुकला काही सांगू नकोस. औषध सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा घरीच घ्यायचं आहे. डॉक्टर फेल्डनर म्हणालेत की औषध लागू पडलंय. मार्चनंतर एकदाही आकडी आली नाही. मग शाळेत कळायचं कारण काय? तिथे ती नवी असेल, नुसती विनी असेल. तिला एकदा तरी तसं असू दे.

मलाही भीती वाटते. पण सुकाणूवर उभं राहून एक गोष्ट कळते, दोन्हीकडे बघत राहिलं की बोट कुठेच जात नाही.

तुझा एमेट

—

टोलेडो, ३० जून

प्रिय एमेट,

अलीकडच्या घराला हो म्हणून आले. मिसेस प्रुइटनं माझा हात दोन्ही हातांत धरला. तिला वाटलं मी आनंदात आहे.

विनीला समजावलं. म्हटलं, नव्या शाळेत हे कुणाला सांगायचं नाही, ही आपल्या तिघांतली गोष्ट. तिनं विचारलं, 'मग मी पडले तर?'

मी म्हटलं, 'तू पडणार नाहीस.'

बरोबर सांगितलं ना मी?

लॉर्ना

—

टोलेडो, ९ जुलै

प्रिय बाबा,

मी विनी. हे पत्र मी मिसेस ऑक्सच्या टेबलावर लिहितेय. तिकीट तिनंच दिलं आणि काय लिहितेस ते विचारलं नाही.

चार जुलैला आम्ही पॉलीन मावशीकडे होतो. रात्रीची आतषबाजी मला दिसली नाही, कारण मी संध्याकाळीच पडले. बटाट्याचं सॅलड पण पडलं. आईनं मावशीला सांगितलं की ऊन लागलं. मग गाडीत आई म्हणाली, बाबांना कळवायचं नाही, ते बोट चालवतात, त्यांचं लक्ष उडेल आणि बोट आपटेल. तुझं लक्ष उडवू नकोस. हे पत्र तू बोट उभी असताना वाच.

मला एक विचारायचंय. नवीन शाळेत मी पडले आणि कुणालाच माहीत नसलं, तर त्यांना वाटेल मी मेले. रडतील सगळे. आणि मी उठले की मला भूत म्हणतील. मिल्कशेकपेक्षा ते वाईट आहे.

आईला हे पत्र सांगू नकोस. ती न्हाणीघरात नळ सोडून रडते. तिला वाटतं ऐकू येत नाही.

तुझी विनी

ता.क. तिथे मासे दिसतात का?

—

सू कालव्याच्या दारांपाशी, २० जुलै

प्रिय लॉर्ना,

इकडे धुकं आहे. परवा व्हाइटफिशच्या वळणावर माझं सुकाणू जरा चुकलं, मेटनं, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानं, ते माझ्या हातून काढून घेतलं आणि मला झोपायला पाठवलं. काळजी करू नकोस, काही झालं नाही.

विनीला एकदा फेल्डनरना दाखवून आण. उन्हाळ्यात मुलं वाढतात, औषध कमी पडत असेल. तिची तब्येत अगदी ठीक आहे ना? जे असेल ते लिही. मी इथे इतका लांब आहे म्हणून काही लपवू नकोस.

आणि ते पलीकडचं घर, पोर्टरव्हिलच्या बाजूचं, विकलं गेलं का? सहज विचारतोय.

विनीला सांग, मासे दिसतात, पण कालव्याच्या दारांत बोट उभी असली की मगच.

एमेट

—

हार्लो रोड, ४ सप्टेंबर

एमेट,

तुझं ते 'सहज' वाचून मला इतका राग आला की दीड महिना पत्र लिहिलं नाही. अलीकडची बाजू तू निवडलीस. न सांगण्याचं तू सुचवलंस. आणि सगळं ठरल्यावर तुला पलीकडच्या घराची आठवण येते. मी तिची नीट काळजी घेत नाही असं वाटत असेल तर तसं सरळ लिही. फेल्डनरकडे नेलं होतं. त्यांनी औषध वाढवलं. आता ती सकाळी झोपेत चालल्यासारखी चालते.

पलीकडचं घर विकलं गेलेलं नाही. तिथले मालक, म्हातारे लिंडक्विस्ट, रोज संध्याकाळी ओसरीवर बसतात आणि आमच्याकडे बघून हात हलवतात.

मागच्या आठवड्यात शाळा सुरू झाली. नाव नोंदवताना कारकून बाईंनी विचारलं, काही आजार, काही पथ्य? विनी शेजारी उभी होती. मी म्हटलं, काही नाही. ती माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या खारीच्या चित्राकडे बघत राहिली.

सुंदर शाळा आहे, एमेट. व्हरांड्यात आवाज नाही. वर्गात रोपं आहेत. बाई तरुण आहेत, मिस ऑल्डन. रोंडा नावाच्या मुलीशी विनीचं जमलंय, बसमध्ये दोघी शेजारी बसतात.

मी मात्र घरी थांबू शकत नाही. बसच्या मागून गाडी घेऊन जाते आणि शाळेसमोर उभी करून तिच्या वर्गाची खिडकी बघत बसते. काल पोलिसानं काच वाजवली. कुणीतरी तक्रार केली होती की एक बाई रोज मुलांकडे टक लावून बघते. मी म्हटलं, माझी मुलगी आत आहे. तो म्हणाला, बाई, सगळ्यांच्याच आहेत.

लॉर्ना

—

डलूथ, १२ सप्टेंबर

प्रिय लॉर्ना,

मला चार जुलैचं माहीत आहे. विनीनं कळवलं होतं. तिच्यावर रागावू नकोस, आणि माझ्यावर रागवायचं ते मी आल्यावर रागाव. मी तुला विचारायला हवं होतं, पण वाटलं तू आपणहून सांगशील. तुला वाटलं असेल मला न कळलेलं बरं. दोघांनी मिळून त्या पोरीला एकटं पाडलं.

उद्याच्या उद्या शाळेत जा आणि सगळं सांग. त्यांनी ब्राइस रोडला पाठवायचं म्हटलं तर आपण बघू काय करायचं ते. मला त्याची भीती वाटते. पण तिनं मला लिहिलंय, कुणाला माहीत नसलं तर त्यांना वाटेल मी मेले. ते वाक्य डोक्यातून जात नाही. सुकाणू धरलं की ते समोर येतं.

एमेट

—

हार्लो रोड, १९ सप्टेंबर

प्रिय एमेट,

तुझं पत्र बुधवारी आलं. विनी मंगळवारी पडली.

ती बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

मी गाडीतच होते. पोलिसाच्या भीतीनं जरा लांब, झाडाखाली. खिडकीत काही दिसलं नाही. मग रुग्णवाहिकेचा आवाज आला आणि ती शाळेच्या फाटकात वळली. मला उतरता येईना. सगळ्या उन्हाळ्यात मी जे होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, ते झालं होतं, आणि मी दाराची कडी शोधत बसले होते.

आत गेले तेव्हा विनी संगीताच्या खोलीत फरशीवर कुशीवर निजली होती. डोक्याखाली कुणाचा तरी पिवळा स्वेटर. तिच्याभोवती मुलं मांडी घालून गोल बसली होती. कुणी रडत नव्हतं. संगीताचे मास्तर, मिस्टर पेल, भिंतीला टेकून पांढरेफटक पडले होते.

काय झालं ते मला मिस ऑल्डननं नंतर सांगितलं. विनी पडली तसे मिस्टर पेल धावले आणि तिच्या दातांत रुमालाची घडी घालायला लागले. त्यांना कुणीतरी लहानपणी तसं शिकवलं होतं. रोंडानं त्यांचा हात धरला. ती मोठ्यानं म्हणाली, 'सर, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं. आणि धरून ठेवायचं नाही.' मग तिनं आणि आणखी एकीनं विनीला वळवलं, खुर्च्या बाजूला ओढल्या. एकीनं जाऊन ऑफिसात सांगितलं. मिस्टर पेलना वाटलं, या मुलींना हे कुठून कळलं. सगळ्या वर्गालाच माहीत होतं. शिक्षकांना सोडून.

शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात विनीनं बसमध्ये आणि वर्गातल्या सगळ्या मुलांना सांगून टाकलं होतं. मी पडले तर मी मेलेली नसेन, म्हणाली. हलेन आणि मग थांबेन. मला कुशीवर वळवा, धरून ठेवू नका, तोंडात काही घालू नका. मग मला झोप येते आणि मी चिडकी होते, त्याकडे लक्ष देऊ नका.

इस्पितळात ती जागी झाली तेव्हा मी विचारलं, ही आपल्या तिघांतली गोष्ट होती ना? मला रागवायचं नव्हतं, पण आवाज तसा लागला.

ती म्हणाली, 'बाबा बोटीवर असतात. तू गाडीत असतेस. वर्गात मी एकटीच उरते.'

तिला माहीत होतं मी रोज गाडीत असते ते.

दुसऱ्या दिवशी मिस्टर व्हिटकमनी बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, मिसेस साबो, तुम्ही आमच्याशी खोटं बोललात, आणि त्यामुळे माझ्या माणसानं तुमच्या मुलीला गुदमरवलं असतं. हे खरं आहे, एमेट. मग म्हणाले, तिला ब्राइस रोडला पाठवावं लागेल, पुढच्या महिन्यात बैठक घेऊ.

ब्राइस रोड मी बघून आले. माणसं वाईट नाहीत. पण एका खोलीत सहा वर्षांची मुलं आणि मिशी फुटलेली मुलं, आणि सगळी दिवसभर मणी ओवतात. विनीला भूगोल आवडतो. कोपऱ्यात तिच्याएवढी एक मुलगी पडलं तर लागू नये म्हणून डोक्यावर शिरस्त्राण घालून बसली होती. मी निघाले तेव्हा तिनं दारापर्यंत येऊन विचारलं, तू परत येणार का?

मी लिंडक्विस्टना भेटले. त्यांचं घर अजून विकलं गेलेलं नाही. म्हणाले, आम्ही तसेही इथून जाणार आहोत, तुमचं विकेपर्यंत भाड्यानं राहा. रस्ता ओलांडला की पोर्टरव्हिल. रोज नर्स. मारामाऱ्या असल्या तरी असू देत. मला इथून पळायचंय. तू हो म्हण.

लॉर्ना

—

क्लीव्हलंडचा धक्का, २६ सप्टेंबर

लॉर्ना,

हो. लिंडक्विस्टचं घर घे. मला आता शाळेचं नाव, पटांगण, काही दिसत नाही, फक्त तो रुमाल दिसतो. कप्तानाला सुट्टी मागितली, तो म्हणाला बदली माणूस मिळाला तर. मिळेल असं वाटत नाही.

विनीला विचारलंस का?

एमेट

—

हार्लो रोड, १७ ऑक्टोबर

प्रिय एमेट,

तुझी ती शेवटची ओळ वाचली आणि लक्षात आलं की नाही, तिला विचारलंच नव्हतं. खोकी सुद्धा आणून ठेवली होती मी.

ती शाळेतून आली, खोकी बघितली आणि कोट न काढता जिन्यावर बसली. म्हटलं, समोरच्या घरात जाऊ, तिथल्या शाळेत नर्स रोज असते, तुझ्यासारखी दोन मुलं आहेत. ती म्हणाली, 'मी नाही जाणार.' मी कारण विचारलं. मला वाटलं रोंडाचं नाव घेईल.

म्हणाली, 'तिकडे मला सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. एकदा सांगताना मला किती भीती वाटली होती, तुला माहीत नाही.'

खरंच माहीत नव्हतं. सगळी भीती माझ्याकडेच आहे असं धरून चालले होते मी.

काल बैठक झाली. शाळेच्या ग्रंथालयात, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर. मिस्टर व्हिटकम, मिस ऑल्डन, नर्स, आणि रोंडाची आई मिसेस हेल. बसस्टॉपवर ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, आणि दोन मुलांच्या आया शाळेत विनीबद्दल तक्रार करून गेल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

मिस्टर व्हिटकमनी फेल्डनरचं म्हणणं वाचून दाखवलं, की ही मुलगी नेहमीच्या वर्गात शिकू शकते. मग ते खाली ठेवून म्हणाले, कागदावर ठीक आहे, पण उद्या माझ्या शाळेत मूल दगावलं तर मी काय करू? पहिल्यांदाच ते मुख्याध्यापकासारखे वाटले नाहीत.

मी घरून बरंच पाठ करून गेले होते. कायदा, हक्क, फेल्डनर. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हटलं, 'मलाही तीच भीती आहे. तिला ब्राइस रोडला पाठवलं तर माझी भीती जाणार नाही. फक्त तुमची जाईल.'

मग मी म्हटलं, खोटं बोलले ते चुकलं. तुम्ही फोनवर मला काय सांगितलं होतं ते तुम्हाला आठवणार नाही, कारण मी नाव दिलं नव्हतं. पण ते ऐकूनच मी खोटं बोलले.

तेव्हा मिसेस हेल बोलली. मला वाटलं, आता संपलं. म्हणाली, 'रोंडा दोन रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाला जमिनीवर निजवून त्याला कुशीवर वळवून दाखवत होती. तुम्ही विनीला हलवलंत तर मी तिला काय सांगू? तू सगळं बरोबर केलंस, म्हणून तुझी मैत्रीण गेली?'

मिस्टर व्हिटकम बराच वेळ चष्मा पुसत होते. शेवटी ठरलं की नाताळपर्यंत बघायचं. नर्स सगळ्या शिक्षकांना शिकवणार, आधी मिस्टर पेलना. काही वावगं वाटलं तर जानेवारीत पुन्हा बैठक. म्हणजे जिंकलो असं नाही. तारीख पुढे गेली.

बाहेर आल्यावर मी मिसेस हेलचे आभार मानायला गेले. ती म्हणाली, आभार नको, मला अजून भीती वाटते, तुमची मुलगी आमच्याकडे खेळायला येते तेव्हा मी पोहण्याच्या तलावाचं फाटक दोनदा बघते. मी म्हटलं, मी तीनदा बघितलं असतं. दोघी गाडीतळावर उभ्या राहून हसलो, आणि मग मला तिथेच रडू आलं.

लिंडक्विस्टना नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. पोर्टरव्हिलला गेलो असतो तर विनीचं वाईटच झालं असतं असं मी आता म्हणणार नाही. कदाचित तिथे तिला इतकं धैर्य करावंही लागलं नसतं. आपण रस्त्याची एक बाजू निवडली आणि तिथे टिकून राहण्याचं काम तिच्यावर टाकलं.

शाळेसमोर गाडी उभी करणं बंद केलंय. फार अवघड जातं. घरात भिंती घासते.

तुझी लॉर्ना

—

हार्लो रोड, ६ डिसेंबर

प्रिय एमेट,

सरोवर गोठायला लागलं असेल. हे तुला शेवटच्या फेरीत मिळावं.

काल दुपारी फोन वाजला. शाळेच्या ऑफिसातली मिसेस कर्न होती. तिचा आवाज मी ओळखते, मुलांच्या विसरलेल्या डब्यांसाठी ती असाच फोन करते. म्हणाली, 'मिसेस साबो, विनीला गणिताच्या तासाला आकडी आली होती. थांबली. लागलं वगैरे काही नाही. जरा झोपली, आता उठून बिस्किट खातेय. नर्सनं बघितलंय. तुम्ही न्यायला येताय का?'

माझ्या हातात किल्ल्या होत्या. कधी घेतल्या आठवत नाही. दुसऱ्या हातात फोन, आणि दार उघडं, बर्फ आत येत होतं.

मी विचारलं, 'ती काय म्हणते?'

मिसेस कर्न विचारायला गेली. मला तिच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता, जाताना आणि येताना. म्हणाली, तिला बसनंच यायचंय म्हणते.

एमेट, मला 'नाही' म्हणायचं होतं. सगळं अंग 'नाही' म्हणत होतं. तू असतास तर तू गाडी काढली असतीस, हे मला माहीत आहे.

मी म्हटलं, 'येऊ दे बसनं.'

फोन ठेवला. मग दार लावलं, बर्फ पुसलं, आणि बसची वेळ होईपर्यंत कोट घालून खुर्चीवर बसून राहिले. सारखं वाटत होतं की आत्ता बस कुठल्या तरी वळणावर थांबली असेल आणि चालक मागे धावला असेल.

बस आली. नेहमीच्या जागी थांबली. आधी दोन मुलगे उतरले, मग मोठी मुलगी, मग कुणीच नाही. मग विनी उतरली. उशीर झाला, कारण तिचा एक हातमोजा सीटखाली गेला होता आणि तो सापडेपर्यंत चालक थांबला होता. बुटाची नाडी सुटलेली. चेहरा फिका, ओठ चावलेला. चिडलेली होती, कारण फळ्यावर गणित सोडवायला तिचाच नंबर होता आणि तो दुसऱ्या कुणाला मिळाला.

घरात आल्यावर तिला पीनट बटर लावून ब्रेड दिला. माझे हात बघून तिनं सुरी माझ्याकडून घेतली आणि स्वतःच लावायला लागली.

'तू घाबरलीस का?' तिनं विचारलं.

मी म्हटलं, 'हो. खूप.'

तिनं मान हलवली. मग ब्रेडचा घास तोंडात असताना म्हणाली, 'मला तर त्यातलं काही आठवतच नाही, आई. तुझंच अवघड आहे.'

आणि दुसरा ब्रेड मागितला.

तुझी लॉर्ना